ढिगाखालचा दगड

खाणीत सकाळचा पहिला घाव मिस्त्रीच्या सुनेचा असायचा. बाकीची माणसं अवजारं शोधत, अंगावर ऊन घेत रेंगाळायची, तोवर ती आपल्या जागेवर जाऊन बसलेली असायची. जागा म्हणजे खाणीच्या तळाला, भिंतीलगत, तिच्याच हातांनी फोडलेल्या खडीचा ढीग आणि त्या ढिगाच्या पोटात वाटीसारखी झालेली बैठक. समोर तळाचा उघडा कातळ. त्यावर दगड ठेवायचा, पायाच्या अंगठ्याने दाबून धरायचा आणि हातोडी टाकायची. अंगठ्याचं नख किती वेळा गेलं आणि किती वेळा आलं, याचा तिने हिशोब ठेवला नव्हता. आलं की पुरे.

तिचा सासरा या खाणीचा मिस्त्री. शिळा काढणारा. आसपासच्या घरांचे उंबरे, पायऱ्या, विहिरींचे काठ, सगळं त्याच्या छिन्नीखालून गेलेलं. ती नवी नवरी म्हणून पहिल्यांदा खाणीत उतरली, तेव्हा त्याने तिला हाताने दाखवत दाखवत सांगितलं होतं, "हे बघ पोरी, मोठी निघाली तर शिळा. शिळा मोडली तर चिरे, भिंतीला. चिरा बिघडला तर डबर, घराच्या पायात भरायला. डबर फुटलं की खडी, रस्त्याला. खडीतून गळते ती कच, आणि कचेच्या खाली राहते ती भुकटी, तीही गिलाव्यात जाते. दगड मरत नाही. लहान होत जातो."

"आणि माणूस हो मिस्त्री?" बाजूच्या एका गड्याने विचारलं होतं. त्याला सगळे रेडिओ म्हणत, कारण तो झोपेतही बंद होत नसे.

"माणूस मोठा मोठा होत जातो आणि एक दिवस मध्येच बंद पडतो. तू तेवढा पडत नाहीस."

थंडी सरून उन्हाला धार येऊ लागली होती, तेव्हाची ही गोष्ट. मालक त्या सकाळी एकटा आला नाही. त्याच्याबरोबर सुरुंगवाला होता. स्वच्छ कपड्यांतला, डोळे बारीक करून कातळाकडे बघणारा. मालक वाईट माणूस नव्हता. कुणाचं बोट चेपलं तर स्वतःच्या गाडीत घालून दवाखान्यात नेणारा. पण त्यालाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं.

"मिस्त्री," तो म्हणाला, "तळाचा थर मी सुरुंगाला देतोय. खडी पुरत नाही."

मिस्त्री त्याच्या तोंडाकडे बघत होता. तो म्हणाला, "हा थर फोडायचा नाही."

"का?"

"अख्खा आहे. असा थर पुन्हा हाती लागत नाही."

"मागचाही अख्खाच म्हणाला होतात. शिळा उचलली आणि मधोमध गेली. सगळ्यांसमोर."

माणसांनी माना खाली घातल्या. रेडिओनेही खाली बघितलं. मिस्त्रीने छिन्नी या हातातून त्या हातात घेतली.

मालकाचा आवाज खाली आला. "ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेलाय. लोक पोरांना खांद्यावर घेऊन पाण्यातून जातात. त्यांनी या काठावरून त्या काठावर टाकायला एक शिळा मागितली आहे. ती या थरातून काढून दाखवा. अख्खी निघाली तर हा थर तुमच्या छिन्नीचा, सुरुंग पलीकडच्या भिंतीला. मोडली तर मात्र मला थांबवू नका."

"निघेल," मिस्त्री म्हणाला.

ढिगात बसलेल्या सुनेची हातोडी तेवढा वेळ वरच राहिली होती.

*

घरी सासूबाईंचा एक नेम होता. खाणीत गेलेली माणसं उंबऱ्याच्या आत आल्याशिवाय त्या तोंडात दाणा घालत नसत. दिवा लावून, डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत नाव घेत बसायच्या. पावलं वाजली की डोळे उघडायचे, माणसं मोजायची, मग चुलीकडे वळायचं. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "भूक नसते गं तोवर."

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, खडीच्या यंत्रावर कामाला. त्याच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर भुकटी बसलेली असायची, कितीही धुतलं तरी. तो बापाच्या मागे भिंतीला टेकून बसला होता.

"बाबा, हट्ट कशाला करता? सुरुंगाने एका दमात होतं ते काम. तुम्ही छिन्नीने किती दिवस उकरणार? मालकाने मान ठेवून विचारलं, तुम्ही सगळ्यांसमोर नाही म्हणालात."

मिस्त्री शांतपणे घास चावत राहिला.

"बघ आई. भिंतीशी बोललेलं बरं. भिंतीत निदान आवाज घुमतो."

तो ताट उचलून बाहेर गेला. सुनेने सासऱ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर ना राग, ना हट्ट. जे बोललं गेलं, ते त्याच्यापर्यंत आलंच नव्हतं. तिच्या मनात एकेक गोष्ट जागेवर बसत गेली. सासूबाई त्यांच्याशी नेहमी समोर येऊन बोलतात. पाणी हवं का हे तोंडाने न विचारता तांब्या उचलून दाखवतात. आणि आपणही, कुणी न शिकवता, तसंच करायला लागलो आहोत.

भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "आई, मामांना..."

सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. "आयुष्यभर घणाशेजारी कान ठेवला. देवाने तो तिथेच ठेवून घेतला. बोलू नकोस कुठे. दगड ऐकणारा माणूस तो. ऐकू येत नाही म्हटल्यावर लोक काय ठेवतील त्याचं?"

"पण मागची शिळा..."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या, आणि भांडं पुन्हा घासायला लागल्या. ते केव्हाच घासून झालं होतं.

*

शिळा काढायच्या आधी थर ऐकायचा असतो. खाणीची ही रीत जुनी. त्या वेळी सगळी खाण गप्प होते. यंत्र बंद, घण खाली, माणसं जागच्या जागी उभी. मिस्त्री छोटी हातोडी घेऊन कातळावर एका रेघेत ठोकत जातो. दगड अख्खा असला तर भांड्यासारखा खणखणतो. आत कुठे मातीची शीर असली, वरून केसाएवढीही दिसत नसली, तरी तिथे आवाज बसतो. बद्द, ओल्या कपड्यावर मारल्यासारखा. तशा जागी पाचर ठोकली की चीर सरळ जात नाही, शिरेत वळते. मग शिळेचे चिरे.

"रेडिओ, बटण बंद," कुणीतरी म्हणालं. रेडिओने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड धरलं. हसू दबलं, आणि खाण गप्प झाली. एवढी, की वरच्या काठावरून कच गळत होती तिचा आवाज येत होता.

मिस्त्रीने रेघ आखली होती ती उताराच्या बाजूने, तळाच्या मोकळ्या कडेलगत. तो वाकला, कातळाला हात लावून तो हात कपाळाला लावला आणि ठोकायला लागला. खण्. खण्. खण्. सून ढिगाच्या कडेला उभी होती. खण्. खण्. मग एक घाव पडला. बद्द. त्याच्या पुढचाही बद्द. मग पुन्हा खण्.

मिस्त्री न थांबता पुढे गेला. रेघेच्या टोकाला पोचला, कंबर सरळ केली, चेहऱ्यावर समाधान. "अख्खा," तो म्हणाला. "घ्या भोकं पाडायला."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो यंत्राशेजारी उभा, इथून लांब. त्याच्या कानांतही यंत्राचीच घरघर राहिलेली. रेडिओने तोंडावरचे हात काढले होते, पण त्याचं तोंड उघडलं नव्हतं, आणि ते बघून तिला कळलं की यानेही ऐकलंय. इतर दोघे-तिघे जमिनीकडे बघत होते. म्हणजे मागच्या वेळीही असंच झालं असणार. सगळ्यांनी ऐकलं, आणि मान राखायचा म्हणून सगळे गप्प बसले. म्हाताऱ्याचा मान राखला, आणि शिळा मोडली.

आज बोललं तर सगळ्यांसमोर त्यांची लाज जाते. नाही बोललं तर थर जातो, आणि लाज तरी कुठे राहते?

ती पुढे गेली. सासऱ्याच्या समोर, अगदी समोर उभी राहिली.

"मामा, इथे बद्द वाजतोय."

त्याने ओठ वाचले. चेहरा आवळला. "पोरी, तू जन्मायच्या आधीपासून मी दगड ऐकतोय."

"हो मामा. तुम्हीच शिकवलंत, म्हणून तर कळलं."

 मग त्याने आजूबाजूला नजर फिरवली; रेडिओ, बाकीची माणसं, लांबून येणारा मुलगा. एकही डोळा त्याच्या डोळ्याला भिडला नाही. त्यातच त्याला उत्तर मिळालं असावं.

त्याने हातोडी तिच्या हातात दिली. स्वतः गुडघ्यांवर बसला, मग आडवा झाला. लांब छिन्नी घेतली, तिचं धारेचं टोक तिने दाखवलेल्या जागी कातळावर टेकवलं आणि दुसरं टोक दातांत धरलं. पांढऱ्या मिशांमध्ये लोखंड. खाणीत कुणी असं काही बघितलं नव्हतं. कुणीतरी हसलं, आणि रेडिओने त्याच्या पाठीत गुद्दा घातला.

मिस्त्रीने हाताने खूण केली. ठोक.

तिने चांगल्या जागी कातळावर ठोकलं. मग त्या जागी. पुन्हा चांगल्या जागी. पुन्हा त्या जागी. तो डोळे मिटून पडून होता. सासूबाई नाव घेताना मिटतात, तसेच. बऱ्याच वेळाने त्याने छिन्नी दातांतून काढली. ओठाला गंज लागला होता.

"चांगला दगड दात हलवतो," तो म्हणाला. "हा हलवत नाही. सूनबाई म्हणते ते खरं. शीर आहे." मग उठून बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच, "मला ऐकू येत नाही. मागची शिळाही त्यामुळेच गेली. तुम्ही गप्प बसलात ते बरं नाही केलंत."

मुलगा जवळ येऊन थांबला होता. "बाबा, कधीपासून?"

"तू मागे बसून बोलायला लागलास तेव्हापासून."

मुलाच्या तोंडावरची भुकटी तशीच होती, पण तिच्याखालचा रंग बदलला. तो बापाच्या समोर येऊन बसला.  

*

"आता काय?" रेडिओ म्हणाला. "शीर सोडून उरलेला तुकडा तर ओढ्याच्या मध्यापर्यंतच पोचेल. पुढे उडी."

मिस्त्री कातळाकडे बघत होता. शिरेच्या पलीकडे थर भिंतीकडे जात होता, आणि तिथे खडीचा ढीग होता. वर्षानुवर्षांचा.

सून ढिगाकडे गेली. तिच्या बैठकीसमोरचा तो उघडा कातळ, जेवणाच्या ताटाएवढा, तिच्याच घावांनी गुळगुळीत झालेला. तिने सासऱ्याला खुणेने बोलावलं.

"मामा, मी इथे बसते ना, तिथे घाव उलटा येतो. हातोडी वर उडते. हातात ताकद नसली तरी तीच वर येते, मी फक्त खाली सोडते. म्हणून तर दिवसभर होतं माझ्याच्याने."

त्याने तिच्या मनगटाकडे बघितलं. मग छिन्नी टेकवली, दातांत धरली. या वेळी कुणी हसलं नाही. तिने ठोकलं.

त्याने लगेच छिन्नी काढली आणि गाल धरला. "अगं, दात पाडतेस का माझे!" आणि हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "ज्याला शोधतोय, त्यावरच बसून तू खडी फोडत होतीस. काखेत कळसा म्हणतात तो हा."

ढीग हलवायला सगळे लागले. पाट्या भरभरून खडी, तिच्या खाली कच, तिच्या खाली भुकटी. इतक्या दिवसांचं सुनेचं काम हातोहात उतारावर जात होतं, आणि तिला ते बघवत होतं, याचं तिलाच नवल वाटलं. नवऱ्याने सगळ्यात जड पाटी घेतली. जाताना तिच्या समोर थांबून म्हणाला, "एवढं फोडलंस? एकटीने?"

"तुमच्या यंत्रासारखा माझा आवाज नाही ना. म्हणून कळलं नसेल."

खालून थर निघाला तो काळा, नितळ, थंड. इतकी वर्षं उन्हाचं तोंड न बघितलेला. मिस्त्रीने पुन्हा टोकापासून टोकापर्यंत ऐकलं. पण या वेळी तो दातांनी आणि ती कानांनी. प्रत्येक घावाला तो तिच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि ती मान हलवायची. भिंतीकडून आखत आणलेली रेघ शिरेच्या अलीकडे थांबवली. लांबी पुरत होती.

*

भोकं पाडून झाली. एका ओळीत, सारख्या अंतरावर, फणीच्या दातांसारखी. त्यांत वाळलेल्या लाकडाच्या पाचरी, घट्ट. आता घण नको, सुरुंगाची दारू नको. आता फक्त पाणी. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि दगडाला हळूच बाजूला सरक म्हणतं. पण पाणी सगळ्या पाचरींना सारखं मिळायला हवं. एकीला जास्त झालं तर ती आधी जोर लावते आणि चीर वाकडी जाते.

"एकीचेही लाड नाहीत," मिस्त्रीने सुनेला बजावलं. "सगळ्या सारख्या."

"माझ्या लेकींसारख्या."

"तुला तर एकही नाही अजून."

"म्हणूनच सगळ्या सारख्या."

ती तांब्या घेऊन ओळीने फिरत राहिली. पाचरींवर ओलं गोणपाट घातलेलं. ऊन चढलं की ते वाळायचं, ते पुन्हा भिजवायचं. उकिडवं बसून सरकत सरकत तिचे गुडघे सोलले. सुरुंगवाला सावलीत बसून बघत होता. दुपारी तो उठून आला आणि म्हणाला, "बाई, द्या, मी घालतो एक फेरी." तिने सांगितलं, "सारखं घाला," आणि त्याने घातलं, श्वास रोखून, जणू दारूच भरतोय.

ऊन कलायला लागलं. काही झालं नाही. मालक येऊन उभा राहिला. मुलाच्या हातात घण होता; कधी घेतला त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. "बाबा, एक घाव देऊ का? मधल्या पाचरीला?"

मिस्त्रीने त्याचे ओठ बघितले आणि नको म्हणून मान हलवली. "हा दगड व्हायला किती काळ लागला, कुणी बघायला होतं का? तो सोडायलाही वेळ घेईल. आपण घाई केली तर आपलं जाईल, त्याचं काही जात नाही."

तो कातळावर मांडी घालून बसला, दोन्ही तळहात दगडावर टेकवून. घराकडे सासूबाईंनी आता दिवा लावला असेल, सुनेच्या मनात आलं. आज उशीर होतोय. आज त्या उपाशी बसल्या असतील.

तिने शेवटच्या पाचरीवर पाणी सोडलं आणि तांब्या खाली ठेवला.

म्हाताऱ्याने एकदम मान वर केली. तोंड किंचित उघडलं. आवाज अजून नव्हता. मग आला, अगदी लहान. चट्, जणू कुणी बंद दाराची कडी काढली. पुन्हा चट्, ओळीच्या दुसऱ्या टोकाला. आणि मग कातळातून एक काळी रेघ, सुतासारखी, या भोकातून त्या भोकात, त्यातून पुढच्या, शिरेच्या अलीकडे येऊन थांबली. सरळ.

रेडिओच्या तोंडून शब्द फुटेना. कुणीतरी म्हणालं, "बघा, आज बॅटरी संपली," आणि सगळे एकदम बोलायला लागले. मालकाने वाकून रेघेवरून बोट फिरवलं. टोकापर्यंत फिरवलं. मग सुरुंगवाल्याला म्हणाला, "तुम्ही पलीकडची भिंत बघून घ्या."

"बघतो," सुरुंगवाला म्हणाला. पण तो बराच वेळ तिथेच उभा राहिला.

*

शिळा ओढ्यावर गेली, त्या दिवशी खाण बंद होती. लाकडी ओंडक्यांवरून, दोरांनी, सगळ्यांच्या खांद्यांनी ती नेली आणि दोन काठांवर टेकवली. पहिली एक म्हातारी गेली, मडकं घेऊन. मध्यावर थांबून तिने खाली वाहत्या पाण्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हलत नाही गं बाई." शीर लागलेला तुकडा वाया गेला नाही. त्याचे चिरे झाले, ते दोन्ही काठांना शिळेखाली बसले. उरलं ते डबर काठाच्या पोटात भरलं. सुनेचीच खडी पायवाटेला पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून खाणीत उतरली आणि थबकली. तिची जागा नव्हती. ढीग नव्हता, बैठक नव्हती, समोरचा गुळगुळीत कातळ आता ओढ्यावर लोकांच्या पायाखाली होता. हातोडी घेऊन ती नुसतीच उभी राहिली.

मिस्त्री आधीच आलेला. तो तळावर आडवा पडला होता, छिन्नी दातांत, आणि मुलगा त्याच्या समोर उकिडवा बसून हातोडीने ठोकत होता. एका जागी. नको. दुसऱ्या जागी. नको. तिसऱ्या जागी म्हातारा गाल धरून उठला.

"हा," तो सुनेला म्हणाला. "इथे बस."

ती बसली. एक दगड ठेवला, अंगठ्याने दाबला, हातोडी सोडली. हातोडी वर उडाली.

तो तिच्या तोंडाकडे बघत होता, मान तिरकी करून. "कसा वाजतो?"

 तिने त्याचा तळहात धरून आपल्या शेजारी कातळावर टेकवला आणि दुसरा घाव टाकला.